रेडिओ बंद होणार की बदलणार? अ‍ॅनालॉग, डिजिटल आणि आपलं घर

मैंदर्गी (ता. अक्कलकोट) : घरातला जुना ट्रान्झिस्टर आता कामाचा राहणार की नाही, हा प्रश्न हल्ली अनेक ठिकाणी ऐकू येतो. कुणी म्हणतं एफएम बंद होणार, कुणी म्हणतं सगळं मोबाईलवर जाणार. घरातली वयस्कर माणसं तर सरळ म्हणतात, "अब रेडिओ में कुछ आताच नै." या सगळ्यात थोडं खरं आहे आणि बरंच अर्धवट आहे. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ या.

आपलं गाव हद्दीवरचं. इथल्या रेडिओने कधी एकच भाषा ऐकवली नाही. सोलापूर आणि पुण्याहून मराठी, कलबुर्गी आणि धारवाडहून कन्नड, आणि रात्री काटा ७०२ वर नेला की दिल्लीहून आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस. 'तामील-ए-इरशाद'मधल्या फर्माइशी आणि 'आवाज दे कहाँ है' ऐकलेली पिढी अजून आपल्या मोहल्ल्यात आहे. त्यामुळे रेडिओचं तंत्र बदलतं तेव्हा आपल्याकडे प्रश्न फक्त यंत्राचा राहत नाही. कोणती भाषा कोणाच्या कानापर्यंत पोहोचणार, हाही प्रश्न त्यात असतो.

सध्या चर्चा कशाची आहे?

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ३ ऑक्टोबर २०२५ रोजी खासगी रेडिओसाठी डिजिटल प्रसारणाच्या शिफारशी सरकारला दिल्या. सुरुवात १३ मोठ्या शहरांतून करावी, असं त्यात म्हटलं आहे. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई ही चार, आणि त्यांच्या जोडीला हैदराबाद, बेंगळुरू, अहमदाबाद, सुरत, पुणे, जयपूर, लखनौ, कानपूर, नागपूर ही नऊ. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि नागपूर ही तीन शहरं यादीत आहेत. सोलापूर नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की, या शिफारशींत एफएम लगेच बंद करा असं म्हटलेलं नाही. एकाच वेळी जुनं एफएम आणि नवं डिजिटल दोन्ही चालवावं, असं सुचवलं आहे. जुनं कधी थांबवायचं याची तारीख डिजिटलचा प्रसार किती झाला ते पाहून नंतर ठरवावी, असं ट्रायचं म्हणणं आहे. म्हणजे मैंदर्गीत उद्या सकाळी कुणाचाही रेडिओ मुका होणार नाही. पण दिशा ठरली आहे, आणि दिशा ठरत असतानाच आपण ती समजून घ्यायला हवी.

आवाज हवेतून येतो कसा?

रेडिओ केंद्र एक लहर सतत सोडत असतं. नुसती लहर म्हणजे कोरा कागद. तिच्यावर आवाज 'लिहावा' लागतो. जुन्या मीडियम वेव्हवर, म्हणजे एएमवर, आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमी-जास्त करतात. एफएमवर उंची तीच ठेवून लहरींची गती, म्हणजे एका सेकंदात किती लहरी, ती कमी-जास्त करतात. दोन्हींत लहर ही आवाजाची हुबेहूब नक्कल असते. याला अ‍ॅनालॉग म्हणतात.

नक्कल असल्यामुळे वाटेत जे काही मिसळेल ते आवाजात मिसळतं. वीज कडाडली, शेजारी बोअरची मोटर सुरू झाली, ट्यूबलाइट फडफडली, की मीडियम वेव्हवर खरखर ठरलेली. कारण हा सगळा गोंगाट लहरीची उंचीच बिघडवतो. एफएमचा आवाज उंचीवर अवलंबून नसतो, म्हणून तो स्वच्छ येतो. शिवाय मीडियम वेव्हवर एका केंद्राला जागाही अरुंद मिळते, दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं. त्यात बोलणं नीट ऐकू येतं, पण सतारीचा आणि बासरीचा बारकावा हरवतो.

मग मीडियम वेव्ह इतकी वर्षं टिकली कशी? तिची पोच दूरवर आहे म्हणून. एफएमची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते आणि जमिनीच्या गोलाईपुढे हार मानते. सोलापूरचं एफएम १०३.४ वर अक्कलकोटच्या पुढे जाऊ लागलं की जोर कमी होतो, त्याचं कारण हेच. मीडियम वेव्ह जमिनीला धरून दूरपर्यंत पसरते. आणि रात्री तर ती आणखी एक करामत करते. दिवसा वातावरणाचा वरचा एक थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. म्हणून इशाच्या नमाजनंतर दूरदूरची केंद्रं लागायची आणि दुपारी तीच केंद्रं गायब असायची.

डिजिटल म्हणजे काय? मुकब्बिरचं उदाहरण घ्या

वर्गात मुलांना हे सांगताना मी ईदगाहचं उदाहरण देतो. लाउडस्पीकर नव्हता तेव्हा मोठ्या जमातीत इमामसाहेबांचा आवाज शेवटच्या सफपर्यंत जायचा नाही. मधल्या सफांत मुकब्बिर उभे असत. ते इमामांची तकबीर ऐकून आपल्या आवाजात ती पुन्हा मोठ्याने म्हणत. मागच्या सफला इमामांचा सूर ऐकू यायचा नाही, पण शब्द अचूक पोहोचायचे.

अ‍ॅनालॉग म्हणजे इमामांचाच आवाज शेवटपर्यंत न्यायचा प्रयत्न. जितकं लांब जाल तितका तो क्षीण होणार आणि त्यात गलका मिसळणार. डिजिटल म्हणजे मुकब्बिरची पद्धत. आवाज आधी आकड्यांत मोजला जातो, ते आकडे शून्य आणि एक या दोनच खुणांत लिहिले जातात आणि त्या खुणा हवेतून पाठवल्या जातात. रेडिओ संचाला फक्त एवढंच ओळखायचं असतं की आलेली खूण शून्य आहे की एक. खूण मळलेली आली तरी ओळखता आली की पुरे. संच ती ताजी लिहून घेतो आणि त्यावरून आवाज पुन्हा घडवतो. खरखर तिथेच गळून पडते.

उदाहरणाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. मुकब्बिरलाच तकबीर ऐकू आली नाही, तर मागच्या सफला रुकूत जायचं की नाही हेच कळणार नाही. डिजिटलचंही तसंच आहे. संदेश ठरावीक पातळीपर्यंत आला तर आवाज एकदम स्वच्छ, त्याखाली गेला की पूर्ण शांतता. जुन्या रेडिओवर खरखरीतूनही "पाऊस… मराठवाडा… इशारा" एवढं तरी कानावर पडायचं. डिजिटलमध्ये हे मधलं अर्धवट ऐकू येणं जवळजवळ नाही. हद्दीवरच्या, केंद्रापासून लांबच्या गावांसाठी ही गोष्ट किरकोळ नाही.

भारतात गाडी कुठवर आली?

आपल्याकडे नियमित प्रसारण सुरू झालं ते २३ जुलै १९२७ ला, मुंबईहून. १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. १९५० च्या दशकात आकाशवाणीवर सिनेसंगीताला जागा उरली नव्हती, तेव्हा लोकांनी शॉर्ट वेव्हवर रेडिओ सिलोन गाठलं. १९५२ पासून तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' गाजू लागली. अमीन सयानींच्या आई कुलसुम सयानी 'रहबर' नावाचं पत्र देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत. सर्वांना समजेल अशी सोपी हिंदुस्तानी त्यांच्या घरातच होती. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. २० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सयानींचं निधन झालं, तेव्हा आपल्याकडच्या कित्येक घरांत आपलंच माणूस गेल्यासारखं वाटलं.

डिजिटलसाठी आकाशवाणीने 'डिजिटल रेडिओ मोंडियाल', म्हणजे डीआरएम, हे तंत्र निवडलं. त्याचं वैशिष्ट्य असं की ते जुन्या मीडियम आणि शॉर्ट वेव्हच्या लहरींवरच चालतं. देशात मीडियम वेव्हचे तीसहून जास्त मोठे ट्रान्समीटर या तंत्राचे बसवले गेले. मुंबई, पुणे, धारवाड, बेंगळुरू, हैदराबाद ही आपल्या आसपासची केंद्रं त्यात आहेत. साध्या ट्रान्झिस्टरचा काटा अशा डिजिटल लहरीवर नेला तर तव्यावर तेल तडतडावं तसा सारखा आवाज येतो. तो बिघाड नसतो. आपल्या संचाला न समजणारी भाषा तिथे चाललेली असते.

एफएमच्या पट्ट्यात कोणतं डिजिटल तंत्र वापरायचं, हा वेगळा प्रश्न आहे. २०२१ मध्ये आकाशवाणीने दिल्लीत आणि जयपूरमध्ये डीआरएम आणि एचडी रेडिओ या दोन तंत्रांच्या चाचण्या घेतल्या. देशभर एकच तंत्र असावं, ही ट्रायची शिफारस योग्य आहे. नाहीतर एका शहरात घेतलेला संच दुसऱ्या शहरात मुका राहील.

दरम्यान जुन्या वाटा एकेक करून बंद होत आहेत. नागपूरच्या शक्तिशाली ट्रान्समीटरवरून रात्रभर चालणारं आकाशवाणीचं राष्ट्रीय चॅनल २०१९ च्या सुरुवातीला थांबलं. बीबीसीच्या हिंदी सेवेचं शॉर्ट वेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला संपलं. "रेडिओत काही येतच नाही" ही तक्रार त्यामुळे पूर्ण खोटी नाही. येणं थांबलं आहे ते जुन्या लहरींवरचं.

बाहेरचे देश काय शिकवतात?

नॉर्वेने ११ जानेवारी २०१७ ला उत्तरेकडून एफएम बंद करायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी १३ डिसेंबरला राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम पूर्ण थांबवलं. असं करणारा तो जगातला पहिला देश. डोंगर आणि खाड्यांच्या त्या देशात दोन प्रकारची यंत्रणा चालवणं फार महाग पडत होतं. तरीही अनेक छोट्या स्थानिक केंद्रांना एफएमवर राहू दिलं गेलं. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक रेडिओने ३१ डिसेंबर २०२४ ला एफएम बंद केलं आणि त्याचे श्रोते लक्षणीय घटले. पैसेवाल्या देशातही लोक नवा संच घ्यायला लगेच धावत नाहीत, हा त्यातला धडा.

आपल्याकडचा अनुभव टीव्हीचा आहे. केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. गच्चीवरच्या अँटेनावर दिसणाऱ्या दूरदर्शनचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद होत २०२२ पर्यंत मोजक्या मोक्याच्या ठिकाणीच उरले. पण टीव्हीला बॉक्स जोडता आला, जुना टीव्ही फेकावा लागला नाही. खिशातल्या रेडिओला असा बॉक्स कुठे लावणार?

फायदा कोणाचा, अडचण कोणाची?

फायदे खरे आहेत. आवाज स्वच्छ येतो. तेवढाच परिसर व्यापायला वीज कमी लागते. एका लहरीवर एकाऐवजी दोन-तीन कार्यक्रम आणि सोबत लेखी मजकूर पाठवता येतो, संच त्या सोयीचा असेल तर बातम्यांच्या ओळी पडद्यावर वाचता येतात. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट. डीआरएममध्ये आपत्तीचा इशारा देण्याची सोय आहे, योग्य संच असेल तर तो आपोआप इशाऱ्याच्या वाहिनीवर जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप सोलापूर जिल्ह्याने अनुभवला आहे. अशा वेळी मोबाईलचा टॉवर आणि वीज दोन्ही दगा देऊ शकतात, पण दूरच्या केंद्रावरून येणाऱ्या रेडिओला गावातल्या टॉवरची गरज नसते.

अडचण आहे संचाची. साधा रेडिओ काही शे रुपयांत मिळतो, डीआरएमचा संच काही हजारांत. नव्या गाड्यांमध्ये कंपन्या तो बसवून देतात, त्यामुळे देशात डीआरएम ऐकू शकणाऱ्या गाड्या लाखोंनी आहेत. पण विड्या वळणाऱ्या बाईकडे गाडी नसते. हात कामात आणि कान मोकळे, अशा माणसांचं साधन म्हणजे रेडिओ. सोलापूरच्या विडी कामगार बायका, मागावरचे मजूर, शेतात राखणीला बसलेला म्हातारा, डोळे अधू झालेली दादी, यांच्यासाठी डिजिटल रेडिओ अजून बनलेलाच नाही असं म्हणावं लागतं.

त्यात एक गोष्ट विसरू नका. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आकाशवाणीच्या बातम्याच जशाच्या तशा लावता येतात. म्हणजे रेडिओवरची बातमी मुळात आकाशवाणीचीच. ती गरिबाच्या संचावर येणं थांबलं, तर त्याच्याकडे उरतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं काहीही. अफवेची किंमत आपल्या समाजाने अनेकदा मोजली आहे, वेगळं सांगायला नको.

"मोबाईल आहे ना, मग रेडिओ कशाला?"

प्रसार भारतीच्या 'न्यूज ऑन एअर' अ‍ॅपवर आकाशवाणीच्या २०० हून अधिक वाहिन्या ऐकता येतात, उर्दू सर्व्हिससुद्धा. डीडी फ्री डिशवर महिन्याचं भाडं न देता टीव्हीवर रेडिओ वाहिन्या लागतात. दोन्ही सोयी चांगल्या आहेत, जरूर वापरा. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, डेटा. सेकंदाला ६४ किलोबिटचा प्रवाह धरला तर तासाला साधारण ३० एमबी लागतात. रोज दोन तास ऐकलं तर महिन्याला पावणेदोन जीबीच्या आसपास. हवेतला रेडिओ मात्र कितीही ऐका, रिचार्ज लागत नाही.

दुसरी, फोनमधलं एफएम. हेडफोनची वायर अँटेना म्हणून लावून चालणारं एफएम अनेक नव्या फोनमधून गायब झालं होतं. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने फोन कंपन्यांना ही सोय द्या आणि असेल तर बंद ठेवू नका, असं सांगितलं. नवीन फोन घेताना दुकानदाराला हे आवर्जून विचारा.

तिसरी गोष्ट रोजेदारांसाठी. अ‍ॅपवरचा आवाज थेट नसतो. तो साठवत साठवत येतो, त्यामुळे कधी अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त मागे असतो. डिजिटल रेडिओतही आकडे मांडायला आणि उलगडायला काही सेकंद जातात. म्हणून सहरी संपायची वेळ अ‍ॅपवरच्या आवाजावर ठरवू नका. शिवाय वेळ आपल्या गावची हवी. मैंदर्गी मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे, एका रेखांशाला चार मिनिटं या हिशेबाने आपल्याकडे पहाट मुंबईपेक्षा साधारण तेरा-चौदा मिनिटं आधीच होते. मुंबईची वेळ ऐकून सहरी करत राहिलात तर रोजा धोक्यात. आपल्या मशिदीचा तक्ता आणि बरोबर लावलेलं घड्याळ, हेच खरं.

मग आपण करायचं काय?

जुना रेडिओ फेकू नका. आपल्या भागात एफएम आणि मीडियम वेव्ह अजून ऐकायला मिळतात, आणि आपत्तीच्या वेळी सेलवर चालणारा संच घरात असलेला बरा. केवळ "डिजिटल" असं खोक्यावर लिहिलेला रेडिओही घाईने घेऊ नका. बऱ्याच संचांवर आकडे दाखवणारा पडदा असतो म्हणून त्यांना डिजिटल म्हणतात, पण आत तंत्र जुनंच असतं. खरा संच हवा असेल तर डीआरएम लिहिलंय का पाहा, आणि दुकानात लावून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरातल्या तरुण मुला-मुलींनी दादा-दादी, नाना-नानींच्या फोनवर अ‍ॅप टाकून द्यावं, त्यांच्या दोन-तीन वाहिन्या आवडीच्या यादीत लावून द्याव्यात आणि चार दिवस सोबत बसून शिकवावं. एकदा दाखवून "आता येतं ना?" असं विचारून उठू नये.

आणि एक काम जमात, अंजुमन, शाळा आणि महिला बचत गटांचं. ट्राय कोणतीही शिफारस करण्याआधी मसुदा जाहीर करून लोकांची मतं मागवते. तिथे कंपन्या लिहितात, आपण लिहित नाही. पुढच्या वेळी आपणही लिहायला हवं : स्वस्त संच बाजारात आल्याशिवाय जुनं प्रसारण बंद करू नका, मोठ्या शहरांनंतर हद्दीवरच्या गावांचा विचार करा, आणि एका लहरीवर तीन वाहिन्या बसणार असतील तर त्यातली जागा मराठी, उर्दू, कन्नड कार्यक्रमांनाही द्या. आकाशवाणी केंद्रांना श्रोत्यांची पत्रं आजही चालतात. कोणता कार्यक्रम ऐकला जातो हे त्यांना पत्रावरूनच कळतं. ज्या कार्यक्रमाला कुणी लिहितच नाही, त्याची जागा सगळ्यात आधी जाते.

कोविडच्या काळात, २०२० मध्ये, नागपूर आकाशवाणीवर 'शाळेबाहेरची शाळा' सुरू झाली, तेव्हा स्मार्टफोन नसलेल्या घरांतली मुलंसुद्धा रेडिओसमोर बसून शिकली. तंत्र जुनं होतं, पण ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याच्यापर्यंत ते पोहोचलं. नव्या तंत्राची परीक्षाही याच मापाने घ्यावी. शेवटच्या सफमध्ये उभ्या असलेल्या माणसाला ऐकू आलं की नाही, एवढंच पाहायचं.